एक्सर्सिझम: चौसष्ट घरं आणि एक जादा दाणा

अपेक्षित उत्तर होतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. माझ्या कोडने दिलं १८४४६७४४०७३७०९५५१६१६. वीस आकड्यांपैकी एकोणीस बरोबर, शेवटच्या पाचाच्या जागी सहा. बाकीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या म्हणजे पास, ही एकच लाल. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, सकाळी नऊला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक होती, तरी लॅपटॉप मिटवेना.

मी अकरा वर्षं वेब डेव्हलपर म्हणून काम करते आहे. जावास्क्रिप्ट रोज लिहिते, त्याच्यावर पोट आहे. त्याच भाषेत एका बेरजेचं उत्तर एकने का चुकावं, हे मला त्या रात्री सांगता येत नव्हतं. जिथे हा प्रश्न समोर आला त्या एक्सर्सिझमबद्दल हे लिहिते आहे. तीन वर्षं वापरल्यावर त्याच्याविषयी बोलायचा हक्क आपल्याला आहे असं वाटतं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सर्सिझम ही प्रोग्रामिंगच्या भाषा शिकण्याची आणि घोटण्याची सेवा. कॅटरिना ओवेन यांनी २०१३ मध्ये ती सुरू केली, आज ती ना-नफा तत्त्वावर चालते आणि वापरणाऱ्याला पूर्ण फुकट आहे. ७० हून जास्त भाषा आहेत, प्रत्येक भाषेचा वेगळा ट्रॅक. ट्रॅकमध्ये छोटे छोटे स्वाध्याय. स्वाध्यायासोबत टेस्ट लिहून तयार असतात, आपण फक्त त्या पास होतील असा कोड लिहायचा. ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये लिहिता येतं, किंवा त्यांचं कमांड लाइनवरचं टूल घेऊन स्वाध्याय आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा, आपल्या एडिटरमध्ये सोडवायचा आणि तिथूनच सबमिट करायचा. मी कायम दुसऱ्या मार्गाने जाते. मशीनवर उतरवला की पहिली टेस्ट तेवढी चालू असते, बाकीच्या झाकलेल्या. जावास्क्रिप्टमध्ये त्यांच्या नावापुढे एक ‘एक्स’ लावलेला असतो. एक टेस्ट हिरवी झाली की पुढच्या टेस्टचा एक्स खोडायचा. एका वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवायची ही शिस्त मला कुठल्याही कंपनीने लावली नव्हती. ती त्या एक्सने लावली.

आता तो जादा दाणा. स्वाध्यायाचं नाव ग्रेन्स. बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं. दोन फंक्शन लिहायची. अमुक घरात किती दाणे ते एक, आणि साऱ्या पटावर मिळून किती ते दुसरं.

मी जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरने हिशोब केला आणि टेस्टला हवा म्हणून शेवटी त्याचा बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक नेमका धरणारा प्रकार) करून दिला. प्रत्येक घराचं उत्तर बरोबर आलं. चौसष्टाव्या घराचंसुद्धा, जे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ इतकं मोठं आहे. चुकली ती फक्त बेरीज. सगळे घटक बरोबर असताना बेरीज चुकते कशी?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वही काढून बसले, तेव्हा उलगडलं. जावास्क्रिप्टचा नंबर ६४ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक मावणारी एक जागा) फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकही धरणारा आकडा असतो आणि त्यात अंक धरून ठेवायला जागा असते ५३ बिटांची. दोनाचा कुठलाही घात म्हणजे एक बिट आणि पुढे सगळी शून्यं, या पटावरचा सगळ्यात मोठासुद्धा नेमका मावतो. म्हणून सुटं प्रत्येक घर बरोबर. बेरीज मात्र म्हणजे सगळे बिट एक. पहिल्या ५३ घरांची बेरीज काठोकाठ मावते. ५४ वं घर मिळवलं की ५४ बिट लागतात, एक बिट बाहेर राहतो, उत्तर जवळच्या मावणाऱ्या आकड्याला गोल होतं आणि तिथे एक दाणा वाढतो. पुढची दहा घरं तो जादा दाणा तसाच पुढे सरकत जातो. मी कागदावर ५२, ५३, ५४, ५५ अशी घरं मांडून पाहिली आणि ५४ वर बोट ठेवता आलं. चूक कुठे आहे हे एवढं नेमकं दिसण्याचा आनंद मला कामात क्वचित मिळतो.

९००७१९९२५४७४०९९१ ही जावास्क्रिप्टच्या सुरक्षित पूर्णांकाची मर्यादा मी मुलाखतींसाठी कधीतरी पाठ केली होती. मुलाखती झाल्या, आकडा विसरला. त्या दिवसानंतर तो विसरलेले नाही. शिवाय सातआठ महिन्यांनी तो कामाला आला. एका क्लायंटच्या साइटवर काही ऑर्डरी उघडतच नव्हत्या, सर्व्हर म्हणायचा असा आयडीच नाही. आमच्या टीमचे दीड दिवस त्यात गेले होते. मी नेटवर्क टॅबमध्ये आलेला आयडी आणि स्क्रीनवरचा आयडी शेजारी शेजारी ठेवले. शेवटचे दोन आकडे वेगळे. डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा आयडी, जेसनमधून (सर्व्हर ज्या मांडणीत माहिती पाठवतो तिच्यातून) तो नंबर म्हणून यायचा आणि ब्राउझरमध्ये गोल व्हायचा. आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवायला सांगितलं, प्रश्न संपला. ते मला दोन मिनिटांत दिसलं, कारण हा दाणा मी आधी एकदा मोजला होता.

इथवर वाचून वाटेल की हे सगळं जावास्क्रिप्टबद्दलच चाललंय, नवी भाषा कुठे आहे? तर एक्सर्सिझमचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं बळ हेच: बरेचसे स्वाध्याय सगळ्या ट्रॅकमध्ये सारखेच आहेत. त्यांची मूळ मांडणी एका ठिकाणी ठेवलेली असते आणि प्रत्येक ट्रॅक ती आपल्या भाषेत उतरवतो. म्हणजे प्रश्न ओळखीचा, उत्तर ओळखीचं, नवी असते ती फक्त भाषा. गावं आणि रस्ते माहीत असले की नव्या गाडीकडे लक्ष देता येतं, तसं.

याआधी मी रस्ट ही भाषा शिकायला एक व्हिडिओ कोर्स पैसे भरून घेतला होता. नाव घेत नाही. चाळीसेक तासांचा होता. सोळा तास पाहिले. शिकवणारा टाइप करत होता, मी त्याच्यामागून तेच टाइप करत होते, सगळं चालत होतं. मग एका शनिवारी कोरी फाइल उघडली आणि एक स्ट्रिंग फंक्शनला देऊन तीच पुन्हा वापरायला गेले, तर कंपाइल होईना. सोळा तास मी पाहिलं होतं, लिहिलं काहीच नव्हतं, हे त्या शनिवारी लख्ख कळलं. फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या संध्याकाळींचं.

तेच ग्रेन्स मग रस्टमध्ये घेतलं. रस्टमध्ये आधी ठरवायचं की आकडा किती मोठा, ऋण चालेल की नाही. ६४ बिटांचा बिनचिन्हाचा पूर्णांक घेतला. एकूण दाणे म्हणजे दोनाचा ६४ वा घात वजा एक, हे सूत्र आता तोंडपाठ होतं, ते लिहिलं. टेस्ट चालवली तर प्रोग्राम जागीच थांबला: गुणाकार करताना ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा दिलेल्या जागेबाहेर गेला. बरोबरच आहे. अंतिम उत्तर ६४ बिटांत नेमकं मावतं, त्यात एकाही दाण्याची जागा उरत नाही, पण वाटेत लागणारा दोनाचा ६४ वा घात मावत नाही. जावास्क्रिप्टने गुपचूप एक दाणा वाढवून दिला होता, रस्टने टेस्टच्या बिल्डमध्ये पुढे जायलाच नकार दिला. मी १२८ बिटांतून वळसा घालून उत्तर काढलं, सबमिट केलं आणि इतरांची उत्तरं उघडली (आपलं झालं की बाकीच्यांनी प्रसिद्ध केलेली उत्तरं बघता येतात, ही सोय सोन्यासारखी आहे). एकाने नुसतं लिहिलं होतं: या प्रकारात मावणारा सगळ्यात मोठा आकडा. एवढंच. रस्टमध्ये त्याला तयार नाव आहे. पट पूर्ण भरला म्हणजे ६४ च्या ६४ बिट पेटले, हे मला त्या एका ओळीने दाखवलं.

मग चटकच लागली. एलिक्सर या भाषेत पूर्णांकाला मर्यादाच नाही, लागेल तेवढा वाढतो, त्यामुळे बेरजेचा प्रश्न उरलाच नाही. तिथे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. शून्यावं किंवा पासष्टावं घर मागितलं तर काय करायचं? जावास्क्रिप्टमध्ये एरर फेकायची. रस्टच्या स्वाध्यायात पॅनिक करायचं, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवायचा. एलिक्सरच्या ट्रॅकमध्ये मात्र उत्तर नेहमी जोडीनेच परत येतं: ‘ओके’ आणि आकडा, किंवा ‘एरर’ आणि कारण. चुकीचं घर हीसुद्धा एक नेहमीची गोष्ट, तिच्यासाठी आरडाओरडा नाही. एलिक्सर ज्या एर्लँग भाषेच्या पायावर उभी आहे, ती एरिक्सनमध्ये १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली. एक कॉल तुटला म्हणून एक्स्चेंज बंद पडून चालत नाही. हे वाचलेलं होतं, पण त्या जोडीच्या उत्तरात ते हाताला लागलं.

आणि एका रविवारी हौसेने असेम्ब्लीचा, म्हणजे थेट प्रोसेसरला सूचना देणाऱ्या भाषेचा ट्रॅक उघडला. तिथे बेरीज करायला मी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) काय ठेवलं असेल? उणे एक. ऋण आकडे साठवायच्या ‘दोनाच्या पूरक’ पद्धतीत उणे एक म्हणजे सगळे बिट एक, आणि तेच बिट बिनचिन्हाचे म्हणून वाचले की पटावरचे सगळे दाणे. टेस्ट हिरवी झाली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. चार भाषांतून तोच एक आकडा, आणि दर वेळी तो थोडा जास्त आपला झाला.

दुसरा स्वाध्याय सांगते, तो मराठी वाचकांनी तर करूनच पाहावा. रिव्हर्स स्ट्रिंग. दिलेला शब्द उलटा करायचा. सोपा म्हणून सगळे पाच मिनिटांत उरकतात. टेस्टमध्ये इंग्रजी शब्द होते, ते झाले. मग मी माझी एक टेस्ट जोडली: ‘मराठी’.

जावास्क्रिप्टमध्ये नेहमीचीच पद्धत वापरली होती, अक्षरं सुटी करायची, यादी उलटी करायची, जोडायची. उत्तरात सगळ्यात पुढे ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एक पोरकी वेलांटी आली, मग ठ, त्याला चिकटलेला काना, मग र, म. आपण मराठी शब्दात तीन अक्षरं वाचतो: म, रा, ठी. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) दृष्टीने ते पाच तुकडे आहेत, काना आणि वेलांटी वेगवेगळे. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर पाच सांगते. रस्टला विचारली तर पंधरा, कारण ती बाइट (आठ बिटांचा गट) मोजते आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइटचा. एलिक्सरला विचारली तर तीन. तिच्या उलटा करायच्या फंक्शनने ‘ठीराम’ असं स्वच्छ उत्तर दिलं.

पाच, पंधरा आणि तीन. तिन्ही भाषा खरं बोलत होत्या, प्रत्येकीला ‘लांबी’ या शब्दाचा अर्थ वेगळा वाटत होता. अकरा वर्षं मी फॉर्मखाली ‘इतकी अक्षरं उरली’ असे काउंटर लावत आले होते आणि मराठीत टाइप करणाऱ्याला ते खोटं सांगत होते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता मी तिथे इंट्ल सेगमेंटर वापरते, जावास्क्रिप्टमध्ये ते अंगभूत आहे, त्याने अक्षरं आपण वाचतो तशी तुटतात. जोडाक्षरांचं प्रकरण अजून नाजूक आहे, ती एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे ‘क्ष’ एक की दोन हे तुमची भाषा किंवा लायब्ररी किती नवी यावर ठरू शकतं. ते प्रत्येक ठिकाणी तपासून बघा, गृहीत धरू नका.

आता मेंटरिंग. स्वाध्याय सोडवल्यावर आपण मागितलं तर एखादा माणूस आपला कोड वाचतो आणि अभिप्राय देतो. हे मेंटर स्वयंसेवक असतात. मला मिळालेला पहिला अभिप्राय एलिक्सरच्या ग्रेन्सवर होता. माझा कोड नऊ ओळींचा, टेस्ट सगळ्या पास. मी आत जर-तर, त्याच्या आत आणखी एक जर-तर असं लिहिलं होतं. समोरच्याने चूक काढली नाही. एवढंच विचारलं की घर १ ते ६४ मध्ये आहे की नाही हा निर्णय फंक्शनच्या आत व्हायला हवा, की फंक्शनच्या दारातच होऊ शकतो? मी गार्डबद्दल, म्हणजे फंक्शनच्या व्याख्येतच लावायच्या अटीबद्दल वाचलं होतं, पण वापरलं नव्हतं. पुन्हा लिहिलं. दोन व्याख्या झाल्या: एक योग्य घरासाठी, दुसरी उरलेल्या सगळ्यासाठी. जर-तर नाहीच. मी तो कोड जावास्क्रिप्टच्या सवयीने एलिक्सरचे शब्द वापरून लिहिला होता, आणि त्या एका प्रश्नानंतर पहिल्यांदा एलिक्सर लिहिली.

ऑफिसात माझा कोड रोज कुणीतरी पाहतं. पण तिथे डेडलाइन असते, ‘ठीक आहे, मर्ज कर’ असतं, चूक नसली की संपलं. माझ्या नऊ ओळी कुणी अनोळखी माणसाने, काही मिळणार नसताना, शांतपणे वाचाव्यात आणि मला विचार करायला लावेल असा एकच प्रश्न शोधून काढावा, हे माझ्या अकरा वर्षांत घडलं नव्हतं. त्या दिवसापासून ऑफिसात इतरांचा कोड बघताना मीही शेरे कमी केले आणि प्रश्न जास्त विचारू लागले.

आता कुणाला उपयोगी पडणार नाही तेही सांगायला हवं. ज्यांना प्रोग्रामिंगच पहिल्यांदा शिकायचं आहे त्यांनी इथून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन हे एका तरी भाषेत हातात बसलेलं असलं की इथली मजा येते. शिवाय हे स्वाध्याय छोटे आहेत आणि छोटेच राहतात. रस्टचे पन्नास स्वाध्याय सोडवून वेब सर्व्हर उभा करता येणार नाही, पॅकेज कशी निवडायची, प्रोजेक्टची मांडणी कशी करायची, चालू सिस्टिममध्ये बदल कसा न्यायचा, यातलं काही इथे नाही. ट्रॅकही सारखे नाहीत: काहींमध्ये संकल्पना पायरीपायरीने शिकवणारा अभ्यासक्रम आहे, काहींमध्ये नुसते स्वाध्याय, भाषा तुमची तुम्ही बाहेरून वाचायची. ट्रॅक निवडताना आधी हे बघून घ्या. आणि मेंटर आपला वेळ काढून वाचत असतो, त्यामुळे अभिप्रायावर वेळापत्रक बेतू नका. मी विनंती टाकते आणि दुसऱ्या स्वाध्यायाला लागते.

बिल्ले, गुण वगैरेही आहेत. मला त्यांचं फारसं आकर्षण नाही. पण २०२३ मध्ये त्यांनी वर्षात बारा भाषा, प्रत्येकीत किमान पाच स्वाध्याय, असं आव्हान ठेवलं होतं, त्याने मला घराबाहेर काढलं हे कबूल करते. फेब्रुवारी फंक्शनल भाषांचा होता, तिथे एलिक्सर भेटली. बारापैकी माझ्या नऊ झाल्या. त्यातल्या सहा मी आता विसरले आहे, आणि त्याचं दुःख नाही. कोबॉलमध्ये मी पुन्हा कधी काही लिहीन असं वाटत नाही, पण प्रत्येक आकड्याची लांबी आधी जाहीर करायची तिची सवय पाहिल्यावर रस्टचा हट्ट नवा वाटेनासा झाला.

हे सगळं मी कशासाठी करत होते, ते राहिलंच. मला आकाश बघायचा नाद आहे. त्यातही एका ताऱ्याचा, ययाती तारकासमूहातल्या अल्गोलचा. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. एरवी २.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) तारा ३.४ पर्यंत उतरतो, आणि उतरून पुन्हा चढायला दहा तास लागतात. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या मुलाने ही नियमितता टिपली आणि समोरून काहीतरी जात असावं असंही सुचवलं. त्याला ऐकू येत नव्हतं. डोळे, घड्याळ आणि वही, एवढ्यावर त्याने हे केलं, म्हणून मला त्याच्याबद्दल फार जिव्हाळा आहे.

अल्गोल पुढच्या खेपेला कधी मंदावणार हे सांगणारा प्रोग्राम मी आधी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. एक माहीत असलेली वेळ घ्यायची, त्यात आवर्तनं मिळवत जायचं. त्याप्रमाणे थंडीत गच्चीवर गेले, शेजारच्या देवयानी तारकासमूहातल्या अल्माक या ताऱ्याशी तुलना करत राहिले. दोघं सारखेच तेजस्वी. अडीच तास थांबले. अल्गोल जराही उतरला नाही. जावास्क्रिप्टच्या तारखेत महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे मी नोव्हेंबर म्हणून दिलेला ११ तिने डिसेंबर धरला. मूळ वेळ तीस दिवसांनी सरकली, आणि तीस दिवसांत अल्गोलची आवर्तनं पूर्ण बसत नाहीत, म्हणून अंदाज जवळपास ३२ तासांनी चुकत होता. हा नियम मला माहीत होता. माहीत असूनही हाताने ११ लिहिलं.

पुढे एक्सर्सिझमवर रस्टमध्ये गिगासेकंद हा स्वाध्याय आला: दिलेल्या क्षणानंतर शंभर कोटी सेकंदांनी कोणती तारीख असेल. त्यात वापरलेल्या टाइम या लायब्ररीची पानं वाचताना दिसलं की इथे तारीख बनवताना महिना आकडा म्हणून देताच येत नाही, नावानेच द्यावा लागतो. नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर. मी तिथेच ठरवलं की अल्गोलचा प्रोग्राम आता या भाषेत. दोन शनिवार लागले. साठ-सत्तर ओळी आहेत, दिसायला साध्या, कमांड लाइनवर पुढच्या दहा वेळा छापतात, त्यातल्या रात्री येणाऱ्या वेगळ्या काढतात. पहिल्या रात्री मी त्या वेळेच्या तीन तास आधीच जाऊन बसले. अल्माक होता तसाच राहिला आणि अल्गोल डोळ्यांदेखत त्याच्या मागे पडत गेला. रस्टचं मी कामासाठी आजवर काही लिहिलेलं नाही, कदाचित लिहिणारही नाही. मला ती त्या रात्रीपुरती हवी होती.

गेल्या वर्षापासून मी स्वतःही मेंटर झाले आहे, जावास्क्रिप्टच्या ट्रॅकवर. आठवड्यातून दोन संध्याकाळी रांगेतल्या विनंत्या बघते. परवा एक ग्रेन्सची आली. दुप्पट करत जाणारा लूप, नावं नीट दिलेली, सगळी घरं हिरवी, शेवटची बेरीज लाल, शेवटी पाचऐवजी सहा. त्याने विचारलं होतं की टेस्टमध्येच चूक आहे का.

मी बिगइंटबद्दल चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. त्याऐवजी विचारलं की एकदम चौसष्ट घरांची बेरीज न करता ५३ घरांची करून बघशील का, आणि मग ५४ ची?